आठव्याचा कागद

१

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला हॉटेलच्या काउंटरवर एक पाकीट सापडलं. ठेवणाऱ्याला कुणी पाहिलं नव्हतं. पाकिटावर त्या हॉटेलात उतरलेल्या पाहुण्या फुटबॉल संघाचं नाव होतं. आत एकच कागद. त्यावर हिरव्या पेनानं काढलेलं मैदान, मैदानात अकरा जर्सी नंबर, बाजूला कॉर्नर किकचे बाण. सगळ्यात वर एकटा एक नंबर, त्याच्याखाली तिघं, मग पाच, मग दोन. तळाशी यजमान क्लबच्या मॅनेजरची दोन आद्याक्षरं. कागदही त्याच क्लबच्या पॅडवरचा. सामना दुसऱ्या दिवशी होता आणि अकराच्या अकरा नंबर बरोबर होते.

पाहुण्यांचा सचिव नियमाला घाबरणारा माणूस. असं काही हाती आलं तर त्याच दिवशी लीगला कळवायचं, हा नियम त्यानं पाळला. दुपारी बाराला यजमान क्लबनं मॅनेजरला काढून टाकलं. पत्रक तीन ओळींचं होतं आणि त्यात ‘विश्वासघात’ हा शब्द दोनदा होता.

एरवी या क्लबनं मॅनेजर काढला तर कुणी मान वर करून बघत नसे. चार वर्षांत हा आठवा. संघ निवडायचा, तो खेळवायचा आणि तो हरला की चालू पडायचं, हे इथल्या मॅनेजरचं काम. कर्मचाऱ्यांनी नावं पाठ करणं केव्हाच सोडलं होतं. पाचवा, सहावा, सातवा असंच ते म्हणत. आता आठवा गेला.

फरक एवढाच की आधीचे सात हरले म्हणून गेले होते. त्यांना दुसरीकडे काम मिळालं, तिथूनही ते गेले. आठवा चोर म्हणून गेला होता. लीगची शिस्त समिती मंगळवारी चारला बसणार होती. तिथे तो दोषी ठरला असता, तर त्याचा परवाना कायमचा रद्द झाला असता. सत्तेचाळीस वर्षांच्या त्या माणसाला दुसरं काहीच येत नव्हतं.

चौकशीसाठी समितीनं एका निवृत्त रेफ्रीला पाठवलं. वीस वर्षं शिट्टी वाजवलेल्या या बाईंना सगळे रेफ्रीबाईच म्हणत. सोमवारी सकाळी नऊला त्या क्लबच्या दारात उतरल्या तेव्हा वरच्या पाटीवर एक माणूस शिडी लावून आठव्याचं चित्र खरवडत होता. चेहरा गेला होता, हसू शिल्लक होतं.

२

मॅनेजरच्या खोलीबाहेर एक सेक्रेटरी बसत असे. आठही जणांना तिनं चहा दिला होता. दारावर नावाची चकचकीत पाटी नव्हती. काचेमागे कागदाची पट्टी सरकवायची खाच होती.

“नवी पट्टी आली की पुढे सरकवायची,” सेक्रेटरी म्हणाली. “जुनी काढत बसायला वेळ कुणाला आहे?”

“संघ कुणाकुणाला माहीत होता?”

“गुरुवारी संध्याकाळी यादी टाईप केली मी. नुसते नंबर, एकाखाली एक. चार प्रती. माझी एक, सहायक मॅनेजरना एक, जर्सीवाल्या काकांना एक, आणि क्रीडा संचालकसाहेबांना एक.”

“आणि मॅनेजर?”

“त्यांना कशाला लागते प्रत? त्यांच्या डोक्यात होती की.”

“हिरवं पेन कुणाचं?”

“या खोलीचं. ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं. माणसं येतात-जातात, पेन तेच.”

कॉरिडॉरमध्ये कुलूप नसलेलं कपाट होतं. त्यात एक जाड फाईल. वर लिहिलं होतं, ‘मॅनेजर’. नाव नाही, साल नाही. जाणाऱ्याच्या टेबलावर उरलेले कागद सेक्रेटरी त्यात लावत असे. शेवटचा कागद वर.

रेफ्रीबाईंनी वरचा कागद काढला. हिरव्या पेनानं काढलेलं मैदान. सगळ्यात वर एक नंबर, खाली तिघं, मग पाच, मग दोन. नंबर वेगळे, मांडणी तीच. त्यांनी तो उलटा करून बोट फिरवलं. मैदानाच्या रेघा पाठीमागून उठून लागत होत्या, जशा वर दुसरा कागद ठेवून दाबून गिरवल्यावर लागतात.

“हा आठव्याचा का हो?”

सेक्रेटरीनं कागद पाहिला. मग खिडकीकडे पाहिलं. “फाईलवर मॅनेजर लिहिलंय, बाई. मी फक्त लावते.”

वीस वर्षांत रेफ्रीबाई एक गोष्ट शिकल्या होत्या. चेंडू असेल तिकडे सगळं स्टेडियम बघत असतं आणि फाऊल झाला की तो पाहिलेला माणूस भलतीकडे बघतो. त्यांनी कागद पिशवीत घातला.

३

सहायक मॅनेजरनं चार जणांच्या हाताखाली काम केलं होतं. शुक्रवारपासून तो हंगामी मॅनेजर होता. मैदानाच्या कडेला उभा राहून तो बोलत होता आणि मधेच कुणाला तरी ओरडत होता.

“धक्काच बसला हो. माणूस चांगला होता.”

“होता? अजून जिवंत आहे तो.”

“म्हणजे, इथे होता.” तो ओशाळून हसला. “अरे, डावीकडे! डावीकडे म्हणतोय मी!”

“शनिवारी संघ बदललात.”

“बदलावाच लागला. गुपित फुटलं होतं ना. एकोणीसला बसवलं, नऊ नंबरला घेतलं.”

नऊ नंबर म्हणजे क्लबनं दोन वर्षांपूर्वी वाजतगाजत आणलेला मोठा स्ट्रायकर. गुरुवारच्या यादीत तो नव्हता. राखीव खेळाडूंतही नव्हता.

“का नव्हता?”

“गुडघा. जुनाच. त्याला घेण्याआधीच डॉक्टरांनी बजावलं होतं म्हणतात. आताही चिठ्ठी होती. आठवा म्हणाला, महिनाभर हात लावायचा नाही.”

“मग तुम्ही कसं खेळवलंत त्याला?”

सहायकानं शिट्टी तोंडात धरली, वाजवली नाही. “हंगामी माणसाला मत नसतं, बाई.”

रेफ्रीबाईंनी हॉटेलात सापडलेल्या कागदाची प्रत त्याच्यापुढे धरली. त्यानं ती हातात घेतली नाही. नजर कागदावर पडली आणि तिथून पटकन उचलली गेली. चुलीवरच्या तव्याला हात लागावा तशी.

“याआधी पाहिलाय हा कागद?”

“शुक्रवारी. साहेबांनी दाखवला, मला आणि सेक्रेटरीला.”

“काही वाटलं?”

“मला काय वाटायचंय!” तो म्हणाला आणि जिथे कुणीच चुकलं नव्हतं तिथे ओरडत धावला.

४

क्रीडा संचालकाची खोली सगळ्यात वर होती. एक भिंत काचेची, पण पडदे ओढलेले. खेळाडू विकत घेणं, मॅनेजर नेमणं आणि काढणं हे त्याचं काम. आठही मॅनेजर त्यानंच निवडले होते. आठांपैकी एकाच्याही अपयशाची झळ त्याला लागली नव्हती, कारण स्टेडियम मॅनेजरचं नाव घेऊन ओरडतं. संचालकाचं नाव लोकांना ठाऊक नव्हतं.

“दुःख होतं हो,” तो खुर्ची फिरवत म्हणाला. “मी त्याला भावासारखं मानत होतो.”

“काढायला मंडळाची बैठक लागत नाही?”

“नुसतं हरण्यासाठी लागते. ती बारा तारखेला आहे. गैरवर्तन असेल तर माझी सही पुरते. तसा नियमच आहे.”

“शनिवारी क्लबचे मालक आले होते म्हणे.”

“वर्षातून दोनदा येतात. परदेशी पाहुणे घेऊन आले होते. नऊ नंबर छान खेळला. मालक खूश.”

“गुडघ्याचं काय?”

“कसला गुडघा? हे मॅनेजर लोक ना, स्वतःला डॉक्टर समजतात. त्या पोराला मी आणलंय, मला माहीत नाही?”

“कागद आठव्याचाच, याची तुम्हाला खात्री आहे?”

“बाई,” तो प्रेमळपणे म्हणाला, “वर्ष झालं, रोज बघतोय मी त्याचं काम.”

आठव्याला येऊन साडेसात महिने झाले होते. रेफ्रीबाईंनी चूक दुरुस्त केली नाही. खोलीत अत्तराचा भपकारा होता आणि त्यांना खिडकी उघडावीशी वाटत होती. खिडकी उघडत नव्हती.

५

जर्सीवाले काका तळघरात होते. पासष्टीचे, पायात स्लीपर, हातात इस्त्री. एकतीस वर्षांची नोकरी. भिंतीवर मॅनेजरची जाकिटं टांगलेली. छातीवर नाव नाही, नुसतं ‘मॅनेजर’.

“तीन साईझ ठेवतो, ताई. मोठा, मधला, लहान. माणूस गेला की धुऊन पुढच्याला. सहाव्यानं अंगात चढवायच्या आतच परत दिलं होतं, ते धुवावंही लागलं नाही.”

“आठवा कसा होता?”

“आठवा?” काकांनी इस्त्री उभी केली. “फळ्यावर लिहायचा, ताई. खडूनं. लिहून झालं की स्वतः पुसायचा आणि फडकं धुऊन वाळत घालायचा. एवढ्या वर्षांत फडकं धुणारा एकच पाहिला मी.”

“गुरुवारी काय झालं?”

“यादी आली, त्याप्रमाणे जर्सी लावल्या. सात वाजता घरी निघालो तर फोन. नऊ नंबरची जर्सी इस्त्री करून ठेवा म्हणे.”

रेफ्रीबाई लिहायच्या थांबल्या. पाकीट सापडलं शुक्रवारी सकाळी. संघ बदलला शुक्रवारी दुपारी.

“गुरुवारीच? नक्की?”

“नातीचा वाढदिवस गुरुवारी होता का शुक्रवारी, हे मी विसरेन होय? केक आणायला उशीर झाला म्हणून सूनबाईनं तोंड फुगवलं होतं.”

“फोन कुणाचा होता?”

“वरून.”

“वरून म्हणजे?”

“वरून म्हणजे वरून, ताई. कुणी विचारलं तर सांगेन. अजून कुणी विचारलं नाही.”

“मी विचारतेय की.”

काकांनी जर्सीची बाही सरळ केली. “तुम्ही उद्या जाल. मला आठ महिन्यांनी रिटायर व्हायचंय.” मग हळूच म्हणाले, “काल नऊ नंबरची बायको बूट घेऊन आली. तो गाडीतून उतरला नाही. उतरता येत नव्हतं.”

६

आठव्याच्या भाड्याच्या घरात बसायला खुर्च्या होत्या, बाकी सगळे खोके. तेही उघडलेले नव्हते.

“मी फोडतच नाही आता,” त्याची बायको म्हणाली. “चार कप, दोन पातेली, पोरीचं दप्तर. एवढंच बाहेर काढते. पाचवी शाळा आहे तिची. परवा तिला विचारलं, वर्गात मैत्रीण झाली का गं? म्हणते, आई, आधी आपले बाबा जिंकतात का बघू.”

“अगं, पुरे,” आठवा म्हणाला. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. समितीच्या नियमाप्रमाणे सुनावणीआधी त्याला पुरावा दाखवता येत नव्हता. आपण काय लिहिल्याचा आरोप आहे हे त्यानं अजून पाहिलंच नव्हतं.

“शनिवारचा संघ मला समजावून सांगा,” रेफ्रीबाई म्हणाल्या.

आपण काढून टाकलेले आहोत हे तो क्षणात विसरला. टेबलावरची मिठाची बाटली उचलून त्यानं थेट पोटाजवळ ठेवली. “हा आपला गोलकीपर.” तिच्यापुढे ओळीनं चार कप. मग चमचे, मग बटाटे.

“गोलकीपर इथे, तुमच्याजवळ का?”

“मी स्वतः गोलकीपर होतो ना. सतरा वर्षं मैदान इथूनच पाहिलंय. माझं सगळं जग पुढे पसरलेलं असतं. उलटं काढलं तर मला डावं-उजवं कळत नाही.”

“कागदावर काढून द्या.”

त्यानं पोरीच्या पेन्सिलीनं काढून दिलं. रेफ्रीबाईंनी घडी घातली.

“एक विचारू?” बायको दारापर्यंत आली. “उद्या सुटतील ना हे?”

“वहिनी, उद्या चारला या.”

“म्हणजे?”

“म्हणजे साडीला इस्त्री करून या,” रेफ्रीबाई म्हणाल्या आणि स्वतःच्या या उत्साहाचा त्यांना जिना उतरताना राग आला. कारण हे कुणी केलं, ते आता त्यांना कळलं होतं. ते ओळखून कोण कोण गप्प बसलं, तेही कळलं होतं.

७

मंगळवार, चार वाजता. समितीचे पाच सदस्य टेबलापलीकडे. अलीकडे संचालक, सहायक, सेक्रेटरी, काका. कोपऱ्यात आठवा आणि त्याची बायको.

रेफ्रीबाईंनी चौघांपुढे दोन-दोन झेरॉक्स ठेवल्या. काळ्या-पांढऱ्या, त्यामुळे पेन कळत नव्हतं. “दोन मॅनेजरांनी काढलेली दोन मैदानं. यातलं आठव्याचं कुठलं? न बोलता खूण करा.”

“हा काय खेळ लावलाय?” संचालक हसला, पण त्यानं सगळ्यांत आधी खूण केली. पाठोपाठ काकांनी. सेक्रेटरीनं. सहायकानं सगळ्यांत शेवटी, पेन हातात बराच वेळ धरून.

रेफ्रीबाईंनी कागद गोळा केले. “तिघांची खूण एकीवर आहे. साहेबांची दुसरीवर.”

“साहजिक आहे. मी त्याचं काम रोज...”

“साहेब, तुम्ही खूण केलेलं मैदान सातव्याचं आहे.”

काका फिस्सकन हसले आणि त्यांनी तोंडावर हात धरला.

“सातवा समोरच्या संघाच्या बाजूनं मैदान काढायचा,” रेफ्रीबाई सांगू लागल्या. “गोलकीपर वर, मागे तिघं. आठवा गोलकीपर खाली काढतो, मागे चौघं. तोही फळ्यावर. साडेसात महिन्यांत त्यानं एकही कागद मागे ठेवलेला नाही. म्हणून ‘मॅनेजर’ फाईलमधला सगळ्यात वरचा कागद अजून सातव्याचाच आहे. तो गिरवलाय. पाठीमागून बोट फिरवा, लागेल. हॉटेलात गेलेला कागद त्याच्यावर ठेवून केलाय. सांगाडा सातव्याचा, नंबर आठव्याच्या यादीतले. यादीत नुसते नंबर होते, कोण कुठे खेळणार ते नव्हतं. करणाऱ्यानं ते सातव्याच्या सांगाड्यात अंदाजानं भरले.”

“हे कुणीही करू शकतं!” संचालक म्हणाला.

“यादी चौघांकडे होती. सहायक रोज त्या फळ्यासमोर बसायचा. काका रोज तो फळा बघायचे. सेक्रेटरीनं सातव्याचा कागद स्वतःच्या हातानं फाईलला लावला. यांच्यापैकी कुणालाही आठव्याची नक्कल करायची असती, तर ती बरोबर झाली असती. सातवा कुठला आणि आठवा कुठला हे माहीत नसलेला माणूस एकच आहे. ज्यानं दोघांना नेमलं तो.”

“आणि मी हे का करेन?”

“शनिवारी मालक येणार होते. नऊ नंबर मैदानात दिसला नसता, तर त्यांनी विचारलं असतं, हा सारखा जायबंदी कसा? मग त्याला घेण्याआधीच डॉक्टरांनी गुडघ्याबद्दल बजावलं होतं, हे बाहेर आलं असतं. आठवा ऐकत नव्हता आणि बारा तारखेपर्यंत त्याला काढता येत नव्हतं. एका पाकिटात दोन्ही कामं झाली. मॅनेजर गेला आणि संघ बदलायला कारण मिळालं. फक्त घाई झाली तुम्हाला. नऊची जर्सी गुरुवारीच मागवलीत.”

“कोण म्हणतं?”

समितीच्या अध्यक्षांनी काकांकडे पाहिलं. “गुरुवारी फोन कुणी केला?”

“आता विचारलंत ना?” काका उठून उभे राहिले. “साहेबांनी. संध्याकाळी सात वाजता. नातीचा केक राहिला त्यापायी.”

पावणेपाचला निर्णय झाला. आठव्याचा परवाना शाबूत राहिला, संचालकाला निलंबित केलं. आठव्याच्या बायकोनं पदरानं डोळे पुसले. तिनं साडीला इस्त्री केली होती.

रेफ्रीबाईंनी अहवालात शेवटी एक परिच्छेद लिहिला होता. हा कागद आठव्याचा नाही हे दोघांना शुक्रवारी पहिल्या नजरेत कळलं होतं आणि दोघं गप्प बसले. एकाला खुर्ची मिळाली, एकीची टिकली. पुढच्या सामन्याला पायावर उभा राहू न शकणारा खेळाडू त्या गप्प बसण्यातून तयार झाला.

“हे कुठल्या नियमात बसत नाही,” अध्यक्ष म्हणाले आणि परिच्छेदावर काट मारली. रेघ सरळ यावी म्हणून त्यांनी पट्टी वापरली.

८

बुधवारी सकाळी रेफ्रीबाई फाईलमधला कागद परत द्यायला क्लबवर गेल्या. सेक्रेटरी मॅनेजरच्या दारात उभी राहून नवी पट्टी खाचेत घालत होती. क्लबनं आठव्याला परत बोलावलं नव्हतं; सहायक आता कायम झाला होता. नववा. पट्टी आत जात नव्हती. मागे आठ होत्या.

“नखानं ढकल,” आतून नववा म्हणाला.

आठवा आपलं स्टॉपवॉच न्यायला आला होता. तो दारातच थांबला.

“तू ओळखलं होतंस?”

नववा टेबलावरचे कागद सारखे करू लागला. “पाहिल्या पाहिल्या.”

“मग?”

“दोन पोरी आहेत मला, दादा.”

“मला एक आहे.”

सेक्रेटरी पट्टी वाकवून पाहत होती. तेवढ्यात आठव्याचा फोन वाजला. नंबर पाहून त्याची पाठ ताठ झाली. तो खिडकीकडे वळला.

“हो, बोलतोय... हो, कालच निर्दोष ठरलो... अच्छा. कधी काढलंत त्यांना? आज सकाळी?”

पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत राहिला. रेफ्रीबाई वाट बघत होत्या. आता हा विचारेल, त्याला का काढलं. काय केलं होतं त्यानं. त्याच्या जागी मी का. एवढे तीन दिवस ज्या प्रश्नांसाठी त्या जिने चढल्या-उतरल्या होत्या, त्यातला एखादा तरी.

आठव्यानं मान हलवली. चेहऱ्यावर पाच दिवसांत पहिल्यांदा रंग आला होता.

“उद्या सकाळी निघू शकतो,” तो म्हणाला. “नाही, वेळ लागणार नाही. सामान बांधलेलंच आहे.”